सिस्टरांच्या शाळेचा फॉर्म

"ओ बाई, जरा माझ्या जागेवर उभ्या राहता काय? दहाच मिनिटं…"

गौरवीनं मान वळवली. सकाळचे साडेसहा वाजले होते. पेडण्याजवळच्या सिस्टरांच्या इंग्रजी शाळेबाहेर पहिलीच्या फॉर्मसाठी रांग लागली होती आणि रांगेतला एक उंच माणूस तिच्याशी बोलत होता. अंगात वीज खात्याचा शर्ट, हाताला लटकलेली झोपाळलेली मुलगी.

"जन्मदाखल्याची झेरॉक्स घरी राहिली. रांग सोडली तर नंबर जाईल, नि हिला एकटी ठेवून—"

"जा तुम्ही. मी धरते हिला."

त्यानं मुलीचा हात तिच्या हातात दिला आणि मोटरसायकलला किक मारून गेलासुद्धा.

त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. गौरवी या रांगेतली नव्हतीच. ती आली होती रांग फोडायला. शेजारच्या गावातल्या सरकारी मराठी शाळेत ती शिकवत होती आणि तिच्या पिशवीत त्या शाळेची पत्रकं होती. एके काळी तिथं मुलं वर्गात मावत नसत, दोन रांगा व्हरांड्यात बसत. मधल्या सुट्टीचा गलबला नदीपलीकडे ऐकू जाई, असं गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात. आता पटावर अकरा नावं होती. त्यातली तीन मार्चअखेर चौथी होऊन जाणार होती. पहिलीत एकही नवीन मूल आलं नाही तर शाळा बंद आणि गौरवीची बदली थेट काणकोणला, म्हणजे गोव्याच्या दुसऱ्या टोकाला, असं भागशिक्षणाधिकाऱ्यांनी तोंडावर सांगितलं होतं.

रांग पुढं सरकली. दहा मिनिटांची चाळीस झाली. मुलगी म्हणाली, "माझं नाव सेजल. तुझं?" नाव सांगेपर्यंत दोघी खिडकीशी पोचल्या.

खिडकीत सिस्टर इनासिया बसल्या होत्या. तालुक्याच्या बैठकांत त्यांची नि गौरवीची नेहमी गाठ पडे. त्यांनी चष्मा खाली केला.

"बाई… तुम्हीसुद्धा?"

गौरवीला हसावं की लपावं कळेना. परत फिरावं तर मुलीचा नंबर जात होता. झेरॉक्स मागाहून देते म्हणत तिनं फॉर्म घेतला. आपल्याच हातानं.

तो माणूस परतला तेव्हा घामाघूम झाला होता. "पार्स्याला तार तुटली, मधेच बोलावलं. माफ करा हं! मी निहार." मग त्याची नजर तिच्या पिशवीतल्या पत्रकांवर गेली. त्यानं एक काढून वाचलं. पुन्हा वाचलं.

"तुम्ही त्या शाळेच्या बाई?"

"होय."

"नि माझ्या मुलीचा फॉर्म तुम्हीच घेतलात?"

"नंबर तुमचा होता. मी नुसते पाय दिले."

तो हसला. मोठ्यानं, मान मागं टाकून. काजूच्या मोहोराचा तो आंबूस-गोड वास सगळ्या रस्त्यावर पसरला होता. शाळेत पोचायला आपल्याला उशीर झालाय, हे गौरवीला बऱ्याच वेळानं आठवलं.

चार दिवसांनी तो तिच्या शाळेच्या दारात उभा. बरोबर सेजल, हातात फॉर्म.

"बाई, यात इंग्रजीतून लिहायचंय. याच शाळेत मूल का घालता म्हणून. आम्ही मराठी शाळेतले. खांबावर चढायला सांगा, चढतो."

"नि ते मी लिहू?"

"तुम्ही चांगलं लिहाल. दुसऱ्या बाजूचं सगळं तुम्हाला ठाऊक."

"निर्लज्ज आहात."

"थोडा." मग इकडंतिकडं बघत म्हणाला, "तुमच्या शाळेची लाईट वगैरे गेली तर सांगा हं."

"मुलंच गेलीत. लाईटचं काय घेऊन बसलात?"

तिनं त्या दिवशी एकच ओळ लिहिली. म्हणून तो पुन्हा आला. मग पुन्हा. सेजल फळ्यावर मासे काढत बसे आणि ही दोघं एका वाक्यावर अर्धा तास घालवत. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली, हे त्यानं एका पूर्णविरामाच्या आधी सांगितलं. चौतिशी आली, घरचे स्थळं बघून दमले, हे तिनंही सांगून टाकलं… कसं, ते तिलाच कळलं नाही. काणकोणचं मात्र त्याला शाळेत जेवण रांधणाऱ्या सरस्वतीकडून कळलं.

"हे आधी का नाही सांगितलं?" तो म्हणाला. "सेजलला तुमच्याकडंच घालतो."

"तुम्ही मला वाचवायला मूल शाळेत घालणार?"

त्यानं हे घरी जाऊन मांडलं. आणि त्याच्या आईला, सुमंगलाबाईंना, दोन्हीकडं भीती. "सिस्टरांकडे घातलां तर आमचां चेडू, सेजल, आरत्या इसरतलां. नाय घातलां तर शेजारची पोरां इंग्लिश बोलतली नि ह्यां गप बसतलां. ह्यां आमचां काम न्हय. देवीक कौल लावया." आणि गौरवीला निरोप आला, "बाय, तूय ये. तुझ्या शाळेचीय गजाल."

सोमवारी सकाळी सातेरी देवीच्या देवळात गुरवानं मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या, आधी पडेल ती बाजू देवीचा कौल, आणि गाऱ्हाणं घातलं. चेडवाक सिस्टरांच्या शाळेत घालूचां आसात तर उजवी दी, मराठी शाळेत घालूचां आसात तर डावी दी. निहार हात जोडून, डोळे मिटून उभा. समईची वात तडतडली. गौरवी पाकळ्यांकडं बघत राहिली… डावीकडची एक हलल्यासारखी वाटली.

उजवी पडली.

सुमंगलाबाईंनी जमिनीला कपाळ टेकलं. गौरवीनंही नमस्कार केला आणि ती बाहेर येऊन तळीच्या वरच्या पायरीवर बसली. डोळे कोरडे होते. मागून पावलं आली.

"बाई, घोटाळा झाला."

"कसला घोटाळा? कौल स्पष्ट आहे."

"गुरव बोलतो, पण कौल घेणाऱ्यानं मनात तेच धरायचं असतं. मी…" तो पुढं आला. "मी मनात दुसरंच धरलं."

"काय?"

"तुम्हाला. उजवी पडली तर होय म्हणून."

तळीतल्या पाण्यावर एक खंड्या सूर मारून गेला. गौरवी त्या वलयांकडं बघत राहिली.

"म्हणजे शाळेचा निकाल लागलाच नाही," निहार घाईघाईनं म्हणाला. "तुम्ही सांगाल ते करतो. म्हणालात तर उद्याच तुमच्या पटावर नाव. मग बदली टळेल, तुम्ही इथंच—"

हेच तर तिला हवं होतं. फक्त मान हलवायची. तिनं डोळ्यांपुढं आपला वर्ग आणला. पहिलीचा बाक. त्यावर सेजल, बाजूची जागा रिकामी. वर्षभर.

"माझ्याकडं पहिलीत ती एकटी असेल," ती शेवटी म्हणाली. "तिच्या शेजारी बसवायला माझ्याकडं दुसरं मूल नाही. सिस्टरांकडंच घाला. शिकवतात चांगलं. मी फॉर्ममध्ये लिहिलंय ते खोटं नाही."

"नि तुम्ही?"

"हुकूम आला की जाईन."

तो तिच्या खालच्या पायरीवर बसला.

"देवीला विचारलंत," गौरवी पाण्याकडंच बघत म्हणाली. "मला कोण विचारणार?"

त्यानं वर पाहिलं. खांबावर बिनधास्त चढणाऱ्या माणसाचे कान लाल झाले होते.

"गौरवी… लग्न करशील माझ्याशी?"

"काणकोणच्या बाईशी? शनिवारी संध्याकाळी येणार, सोमवारी पहाटे जाणार."

"लाईट जाते नि येते म्हणून कोण मीटर काढून टाकतं काय?"

ती हसली. न हसायचं ठरवूनसुद्धा.

"म्हणजे… होय?"

"होय."

देवळातून सुमंगलाबाईंची हाक आली, प्रसाद थंड होत होता. गौरवी उठली, साडीला लागलेली धूळ झटकली.

"चला. शाळेचं आईंना देवीनं सांगून झालंय," ती म्हणाली. "राहिलेलं तुम्ही सांगा."