पत्ता विचारणारा

घंटा वाजली ती बंद मजल्यावरून. आबांना तो आवाज अजून जसाच्या तसा आठवतो. तेव्हा ते इस्पितळात लिफ्टमन होते. वरचा मजला रंगकामासाठी रिकामा करून त्याला कुलूप घातलं होतं, तरी घंटा वाजली. दबकी, बोट ठेवून कुणी पटकन काढून घ्यावं तशी. आबा वर गेले, जाळीचं दार सरकवलं. समोर अंधार, ओल्या चुन्याचा वास, माणूस नाही. त्यांनी दार लावलं आणि लिफ्ट खाली घेतली. खाली येताना दोर करकरत होता. रिकाम्या लिफ्टचा दोर तसा करकरत नाही. माणूस आत असला की करकरतो.

ही गोष्ट त्यांनी फक्त आपल्या लेकीला सांगितली, ती शाळकरी असताना. पोर घाबरेल असं त्यांना वाटलं होतं. ती उलट म्हणाली, "बाबा, मग तुम्ही त्याला कुठल्या मजल्यावर सोडलंत?" हिचं डोकं निराळं आहे, हे आबांनी त्याच दिवशी ओळखलं.

पुढे लेक शिकली, नोकरीला लागली. आबांची नोकरी सुटली, गुडघे कुरकुरायला लागले. एका संध्याकाळी लेकीचा चष्मा घरीच राहिला. डोळे फुटले तरी ही काम सोडून उठायची नाही, हे त्यांना ठाऊक होतं. चष्मा रुमालात गुंडाळून ते तिच्या ऑफिसात गेले.

उन्हं कलली होती. ऑफिस जवळजवळ रिकामं झालं होतं. टेबलांवर तळाशी चहा राहिलेले कप, खुर्च्यांच्या पाठीवर विसरलेले स्वेटर, कुठेतरी यंत्राची एकसुरी घरघर. लेक एकटीच बसली होती, पडद्याला नाक लावून.

"अगं, आत पडशील," आबा म्हणाले.

"आलात? बरं झालं, देवासारखे आलात." तिने चष्मा चढवला. "बसा. चहा मशीनचा आहे, औषधासारखा लागतो."

"औषधाची सवय आहे मला. एवढं काय अडलंय?"

तिने खुर्ची वळवली आणि आवाज खाली आणला.

"मारहाणीतून जीव वाचवून आलेल्या बायकांचं एक केंद्र आहे. त्या बायकांना वेगवेगळ्या घरांत ठेवतात, कुणाला ताकास तूर लागू देत नाहीत. त्यांचे पत्ते सांभाळायचं काम माझ्याकडे आहे."

"कुठे ठेवतेस? कपाटात?"

"क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या जागेत. आणि योग्य माणसालाच पत्ता मिळावा म्हणून फंक्शन लिहिलंय."

"फंक्शन? सत्कार कुणाचा?"

"बाबा!" दमलेल्या चेहऱ्यावर हसू आलं. "छोटा प्रोग्राम असतो तो. दिवसरात्र जागा बसलेला सर्व्हर आम्ही ठेवतच नाही. तुमच्या लिफ्टसारखं आहे बघा. कुणी घंटा वाजवली की फंक्शन जागं होतं, काम करतं आणि संपतं. पुढच्या घंटेला नवा जन्म. मागचं त्याला काही आठवत नाही."

"आणि कुणी नसताना घंटा वाजली तर?"

लेकीचं हसू मावळलं.

"तेच चाललंय," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. रोज दिवेलागणीला त्या फंक्शनला कुणीतरी हाक मारतं. जगातली कुठलीही हाक आली तरी ती कुठून आली याची खूण मागे राहते. या हाकेची राहत नाही. ती जागा कोरीच असते. मागणारा एकाच बाईबद्दल विचारतो. ती बाई लेकराला घेऊन केंद्रात आली, तेव्हा तिचं नाव बदललं. कागदोपत्री सगळीकडे नवं नाव आहे. मागणारा मात्र तिला एका जुन्या लाडाच्या नावाने विचारतो.

"नवरा असेल," आबा म्हणाले.

लेक काही बोलायच्या आत टेबलावरचा फोन थरथरला. केंद्र चालवणाऱ्या बाई होत्या. लेकीने फोनचा आवाज मोठा केला.

"ताई, झालं का तुमचं? मी गाडी सांगून ठेवलीय. तिला आजच हलवते."

"बाई, थोडं थांबा ना. किती वेळा हलवणार तिला?"

"मला हौस आहे का? काल संध्याकाळी तिच्या दारावर थाप पडली. उघडलं तर कुणी नाही. दाराबाहेर मातीचा वास, नुसता ओल्या मातीचा. पोरगा विचारतो, आई, आता ही शाळा पण सोडायची का? काय सांगायचं त्याला?" बाईंचा आवाज चिरकला. "तिने हातापाया पडून सांगितलंय, मला इथंच राहू द्या. पण पत्ता फुटला असेल तर मी कशी राहू देऊ?"

"बाई… ते लाडाचं नाव. आणखी कुणाला माहीत होतं?"

पलीकडे बाईंनी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"ते नाव तिचा नवरा एकटाच घ्यायचा. पण ताई, तो तर गेला. हिवाळ्यातच. तिला खात्री करायची होती, म्हणून मी तिला घेऊन गेले होते. माती टाकेपर्यंत ती हलली नाही तिथून."

आबांच्या कानात तो जुना दोर करकरला.

"आजची संध्याकाळ द्या मला," लेक म्हणाली. "तो रोज नव्याने विचारतो, म्हणजे कालचा पत्ता त्याच्यापाशी टिकत नाही. आज त्याला पत्ता मिळाला, तर उद्या हलवा. मी मध्ये येणार नाही."

बाई हो म्हणाल्या, पण त्या हो म्हणण्यात जीव नव्हता.

"बंदच करून टाक ना ते," आबा हळूच म्हणाले.

"बंद केलं तर बायकांना घरी पोचवणाऱ्या गाडीवाल्याला पत्ता कसा कळणार? आज आणखी एक बाई यायचीय, पोटुशी आहे. तिला काय रस्त्यावर उभी ठेवू?" ती पडद्याकडे वळली. "आणि चोर सापडलाय, बाबा. चोर म्हणजे माझीच चूक."

ती बोलत होती आणि बोटं चालत होती. एकच फंक्शन दोन कामं करायचं. केंद्र उघडं आहे का, हे कुणीही विचारावं. पत्ता मात्र फक्त गाडीवाल्याला. काम झालं की फंक्शन संपतं खरं, पण ज्या खोलीत ते जागं होतं ती खोली लगेच मोडत नाहीत. दुसरी हाक पटकन आली तर तीच खोली वापरतात. वेग यावा म्हणून लेकीने गाडीवाल्यासाठी उघडलेली सगळ्या पत्त्यांची यादी त्या खोलीत तशीच पडू दिली होती. मागणारा बरोबर गाडीवाल्याच्या पाठोपाठ यायचा. केंद्र उघडं आहे का, एवढंच विचारायचा, पण अर्धवट, ते लाडाचं नाव मध्येच घालून. फंक्शन गोंधळायचं आणि आपल्याला काय काय ठाऊक आहे ते सगळं बडबडायचं. त्या बडबडीत त्या बाईचाही पत्ता असायचा.

"तो आत शिरलाच नाही कधी," लेक म्हणाली. "उंबऱ्याशी उभा राहून ऐकत होता."

आबांना ती खोली डोळ्यांसमोर दिसली. कुणीतरी नुकतंच उठून गेलेली, अंथरूण अजून गरम असलेली. त्यांनी रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

लेकीने दोन कामांची दोन फंक्शनं केली होती आणि प्रत्येकाला आपापल्या कामापुरतीच किल्ली दिली होती. पहिल्याला आता पत्ते ठेवतात ती जागाच दिसत नव्हती. अर्धवट प्रश्न बाहेरच्या बाहेर परत जायचा. गोंधळ झालाच तर फंक्शनने "जमलं नाही" एवढं म्हणून गप्प बसायचं. जाताना खोली झाडून पुसून जायचं. नोंदींमध्ये नाव नाही, पत्ता नाही. आणि पत्ता अशा कुलपात, जे फक्त गाडीवाल्याच्या हातात गेल्यावर उघडेल.

"मग तुझ्याकडे एक जादाची किल्ली असेलच की," आबा म्हणाले.

"होती." तिने एक कळ दाबली आणि तळहात मांडीला पुसले. "आता नाही. मी लिहिलंय, पण मलाच उघडता येणार नाही. माझी मान मुरगळली तरी पत्ता निघायचा नाही, कारण तो माझ्याकडे नाहीच."

आबांना एकदम भरून आलं. आपल्या पोरीने दुसऱ्याच्या पोरीसाठी स्वतःच्याच हातातली किल्ली फेकून दिली. आपण आयुष्यभर लिफ्टचा दांडा ओढला, त्याचं चीज झालं. असं काही तिला सांगावंसं वाटलं. ते नुसतं म्हणाले, "शहाणी आहेस."

"रडू नका हं. कीबोर्ड भिजेल."

बाहेर दिवे लागायला लागले. काचेत आतलं ऑफिस दिसू लागलं. यंत्राची घरघर मध्येच थांबली, आणि पडद्यावर एक ओळ उमटली. गाडीवाल्याने पत्ता मागितला होता. मिळाला. पोटुशी बाई सुखरूप निघाली. लगेच तिच्याखाली दुसरी ओळ आली.

"आला," लेक पुटपुटली.

ठिकाणाची जागा कोरी होती. प्रश्न अर्धवट. उत्तर, "जमलं नाही."

पुन्हा हाक. पुन्हा "जमलं नाही." मग भराभर, ओळीवर ओळ. कुणी दोन्ही मुठींनी दार बडवत असावं तशा. पडदा भरून वाहू लागला. लेकीने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. तिने काहीही करायचं नव्हतं. जे करायचं ते करून झालं होतं, आता फक्त ते टिकतं का हे बघायचं होतं. आबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिची मान ताठ होती.

ओळी थांबल्या.

"गेला…?" आबांनी विचारलं.

तेवढ्यात ओल्या मातीचा वास आला.

काचेच्या दाराबाहेर एक माणूस उभा होता. साधे कपडे, नीट विंचरलेले केस, चारचौघांसारखा. आबांना आधी वाटलं, कुणी पार्सलवाला असेल. पण त्याच्या तोंडासमोरची काच जराही धुरकट होत नव्हती.

"कोण पाहिजे?" आबांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"पत्ता…" तो म्हणाला. दार बंद होतं, तरी तो शब्द अगदी कानाशी आला. "माझ्या माणसाचा पत्ता… इथं मिळतो…"

आबा लेकीच्या पुढे व्हायला गेले. पण तिने हाताने त्यांना थांबवलं. लेक स्वतःच उठली, दारापर्यंत गेली आणि काचेच्या अलीकडे उभी राहिली.

"इथं मिळत नाही," ती म्हणाली.

"तुला माहीत आहे…"

"मला माहीत नाही. बघा हवं तर."

त्याने पाहिलं. तिच्या डोळ्यांत तो कितीतरी वेळ पाहत राहिला, कुणी विहिरीत वाकून पाहावं तसा. लेकीने पापणी हलवली नाही. लपवायला तिच्याकडे काहीच नव्हतं. आबा मागे टेबलाला धरून उभे होते. भीती होतीच, आणि तरी छातीत काहीतरी उंच उंच चढत होतं. ही माझी लेक आहे, हे त्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं.

माणसाची मान खाली गेली. तो मागे सरला.

फोन वाजला. बाईंचा धापा टाकणारा आवाज आला, "ताई, ती म्हणतेय दाराशी आज कुणी आलं नाही. वासही नाही. राहू दे ना मग तिला?"

"राहू दे," लेक म्हणाली. तिचा आवाज आता फुटला. "पोराला सांगा, शाळा हीच."

पण ती बोलत असताना आबांची नजर बाहेरच होती. तो माणूस लांब पॅसेजमधून चालला होता, घाई न करता. दोन्ही बाजूंना इतर ऑफिसांची दारं होती. प्रत्येक दारापाशी तो थांबत होता, तळहात टेकवत होता, कान लावत होता, आणि पुढच्या दाराकडे वळत होता. शेवटच्या दाराशी तो जरा जास्त वेळ थांबला. त्या दारावर पाटी नव्हती, आत कीबोर्ड वाजत होता. तिथंही कुणाकुणाचे पत्ते असतील, असं आबांच्या मनात आलं.

आतून कुणीतरी सहज, कामातून मान वर न काढता बोलावं तसं म्हणालं, "या ना, उघडंच आहे."

त्याने एकदा वळून लेकीकडे पाहिलं, आणि आत निघून गेला.