कपाटातला पंप

“पंप ओरडलाच नाही हो! ओरडला असता तर मी धावले नसते का?” वहिनींच्या दारातच नर्सला रडू फुटलं.

तिच्या वॉर्डात औषध सोडणाऱ्या पंपाची नळी तुंबली आणि एका आजींचा जीव गेला. पंपाच्या कंपनीचं म्हणणं एकच: अलार्म बंद करायचं बटण नर्सनेच दाबून ठेवलं. तिची नोकरी गेली होती. आता अटक व्हायची होती.

वहिनींनी चपला चढवल्या. तपासाला सोबत नेहमीप्रमाणे धाकटा दीर. शंका सगळ्या त्याच्या, उत्तरं सगळी वहिनींची.

वॉर्डात दिराने तोच पंप सुरू करून नळी चिमटीत दाबली. पंप कर्कश ओरडला.

“वहिनी, हा तर धडधाकट आहे. म्हणजे सिस्टरच—”

“भावजी, जिभेला जरा दम द्या.”

शेजारच्या खाटेवरचे काका वैतागले. “झालं सुरू! माझाही हल्ली उठसूट बोंबलतो. आजी होत्या तोवर सगळे कसे गुणी होते!”

वहिनींनी नर्सला विचारलं, “जादा पंप?”

“एक आहे, कपाटात. आजी यायच्या आधीपासून बंद करून ठेवलाय.”

कंपनीत गेल्यावर तिथल्या साहेबांनी शोक व्यक्त केला, तोही हात राखून. “त्या दिवसानंतर पंपात आम्ही काहीही बदललेलं नाही.”

तिथल्याच इंजिनिअरच्या टेबलावर पंप मांडलेले. नळ्या मुद्दाम तुंबवलेल्या, पडद्यांवर लाल अक्षरं. खोलीत मात्र चिडीचूप.

“आवाज?” वहिनींनी विचारलं.

“तपासताना प्रोग्राममधूनच बंद ठेवतो. दिवसभर कोण ऐकणार?”

वहिनींनी साहेब आणि इंजिनिअर दोघांनाही वॉर्डात आणलं. इंटरनेट बंद करवलं, कपाटातला पंप लावला, नळी दाबली. लाल अक्षरं उमटली. आवाज नाही.

“पण बटण तर कुणी दाबलं नाही!” दीर चक्रावला.

“दाबायचं कशाला? यांनी स्वतःच्या कानांसाठी अलार्मचा गळा दाबला आणि तोच प्रोग्राम दवाखान्यांना पाठवला. आजी गेल्यावर इंटरनेटवरून गुपचूप दुरुस्ती केली. म्हणून चालू पंप सगळे एकदम बोंबलू लागले. हा बंद होता, याला दुरुस्ती पोचलीच नाही.” वहिनींचा आवाज चढला. “चूक कुणाकडूनही होते. पण ती पुसून या पोरीच्या माथी मारलीत, त्याला काय म्हणायचं?”

इंजिनिअर पुटपुटला, “साहेबांनी सांगितलं, मी केलं. बोललो तर नोकरी जाईल.”

नर्सने त्याची बाही धरली.

“माझी गेली तेव्हा गप्प बसलास. असे पंप अजून किती कपाटांत आहेत? कुणीतरी ते लावायच्या आत बोल. चल, पोलिसांसमोर. माझ्यादेखत.”