गंमतपाटीचा दुसरा साचा

"दोरी ओढतोयस की गोंजारतोयस?" तनुजानं टेंपोच्या पलीकडून विचारलं.

"ओढतोयच. तुझ्या बाजूची गाठच सैल आहे, त्याला मी काय करू?" समर्थ म्हणाला, आणि दोन्ही पाय चाकाला टेकवून त्यानं असा हिसका दिला की ताडपत्री सरकली, वरचा एक खोका घसरला आणि थेट दिव्याच्या पायाशी येऊन पडला.

दापोडीच्या गल्लीत मे महिन्याची दुपार होती. नवनाथमामा टेंपो घराशी लावून जेवायला आत गेले होते. माणच्या एका आयटी कंपनीतले जुने कॉम्प्युटर, वायरी आणि मोडक्या खुर्च्या घेऊन त्यांना चार वाजायच्या आत चाकणच्या कारखान्यात पोहोचायचं होतं. तिथं या सगळ्याचा चुरा होणार होता. जेवण होईपर्यंत ताडपत्री आवळून ठेवायचं काम त्यांनी मुलांना दिलं होतं. तनुजा आणि समर्थ त्यांचीच मुलं. तेरा वर्षांची दिव्या ही त्यांच्या बहिणीची मुलगी, सुट्टीसाठी आलेली.

फेब्रुवारीत दिव्याची आई, वर्षाली, गेली. तेव्हापासून दिव्या रडली नव्हती. लोक म्हणत, पोर फार धीराची आहे. तसं काही नव्हतं. मांडी घालून खूप वेळ बसलं की पाय आपला वाटेनासा होतो, तशी ती सगळीच झाली होती. जेव म्हटलं की जेवायची, चल म्हटलं की चालायची. दोरी धर म्हटल्यावर तिनं दोरी धरली होती.

खोका फुटून उघडा पडला होता. आत एक पिवळं प्लास्टिकचं यंत्र होतं, जेवणाच्या ताटाएवढं. त्याच्यावर तीन मोठी बटणं होती आणि टीव्हीला जोडायची वायर. सोबत दोन-तीन कॅसेटी आणि एक जाड वही.

"गंमतपाटी," समर्थनं यंत्रावरचं नाव वाचलं. "हे काय आहे? टॅब्लेटचे आजोबा?"

"बालवाडीतल्या मुलांचा व्हिडिओ गेम दिसतोय," तनुजा म्हणाली. "ही कॅसेट बघ. 'मोजू या आंबे'."

दिव्या खोक्याचं झाकण बघत होती. त्यावर कागद चिकटवलेला होता. तिनं तो सपाट आवाजात वाचला. "जपून ठेवणे. प्रदर्शनानंतर परत द्यायचे आहे. दादासाहेब, पिंपळे गुरव." खाली पूर्ण पत्ता आणि फोन नंबर होता.

"मग?" समर्थ म्हणाला.

"परत द्यायची वस्तू भंगारात कशी आली?"

तिघंही धावत आत गेली. मामांनी ऐकून घेतलं, पण भाकरी मोडायची थांबवली नाही.

"लेकरांनो, गेटवर वजन झालंय मालाचं. तिकडं पुन्हा होणार. एक खोका कमी भरला की चोरीचा आळ माझ्यावर. कंपनीनं सांगितलं तरच काढता येईल."

तनुजानं लगेच त्यांच्या फोनवरून कंपनीत फोन लावला. तिथले व्यवस्थापक उद्धवराव फोनवर आले.

"गंमतपाटी? ती आमच्या कपाटात कुलूपबंद आहे, बाळ. उद्या सकाळी इतिहास दालनाचं उद्घाटन आहे, मला खूप कामं आहेत."

"काका, पण तो खोका इथं आमच्यासमोर आहे. तुम्ही एकदा कपाट उघडून..."

"मी स्वतः ठेवलीय म्हटल्यावर उघडून काय बघायचं?" फोन बंद झाला.

झाकणावरचा दादासाहेबांचा नंबर लावला, तर तो कोणी उचलेना.

मामा हात धुऊन उठले. "चला, खोका वर ठेवा. माझा इलाज न्हाई."

तनुजाचा चेहरा पडला. समर्थनं उगाच टायरला लाथ मारली. दिव्या मात्र चलान वाचत उभी होती. मालासोबत जाणारा तो कागद मामांनी खाटेवर ठेवला होता. तिला राग आला नव्हता की वाईटही वाटलं नव्हतं. पण आईच्या आजारपणात कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची तिला सवय लागली होती. दवाखान्याचे कागद घरात तीच वाचायची.

"मामा, इथं लिहिलंय, बॅटरी किंवा सेल असलेला माल घेतला जाणार नाही."

"व्हय. गेल्या महिन्यात सेलामुळंच तिथं आग लागली होती."

दिव्या बाहेर गेली आणि तिनं गंमतपाटी उलटी केली. नाण्याच्या कडेनं मागचं झाकण काढलं. आत चार सेल होते, गळून हिरवे पडलेले.

मामांनी वाकून ते सेल बघितले. मग त्यांनी चाकणला फोन लावला. पलीकडून मोठ्या आवाजात उत्तर आलं, ते मुलांनाही ऐकू गेलं. तो खोका इथं आणायचा नाही, जिथून आला तिथं परत द्या आणि चलानवर तसा शेरा घेऊन या, बाकी माल उद्या आणला तरी चालेल.

"बसा केबिनमध्ये," मामा म्हणाले. "माणच्या रस्त्यावर पिंपळे गुरव लागतंच."

दादासाहेब तिसऱ्या मजल्यावर राहत होते. उंच, किंचित वाकलेले, सत्तरी ओलांडलेले इंजिनिअर. दारात त्यांनी ते यंत्र पाहिलं. चप्पल घातली आणि सरळ जिना उतरू लागले. अर्ध्या जिन्यावर त्यांना चष्मा आठवला, मग समर्थ पळत जाऊन तो घेऊन आला.

"आजोबा, हे तुम्ही बनवलं?" टेंपो निघाल्यावर त्यानं विचारलं.

"मी एकट्यानं नाही. भोसरीत एक छोटं युनिट होतं आमचं. दोन हजार तेराला सुरुवात केली. मी आणि असेंब्ली लाइनवरच्या अकरा बायका. अडीच ते सहा वर्षांच्या मुलांनी टीव्हीवर खेळत खेळत अक्षरं, आकडे शिकावेत असं यंत्र करायचं होतं. दुकानात मिळणारे गेम इंग्रजीत, आणि त्यांची बटणं मोठ्या मुलांसाठी. आपलं असं काही नव्हतं."

"मग विकलं गेलं का?"

"बालवाड्यांमध्ये गेलं. मुलं भांडायची त्याच्यावरून. पण तीन वर्षांत घरोघरी स्मार्टफोन आला आणि यंत्राची मागणी थांबली. सतरा साली युनिट बंद झालं. नाव या माणच्या कंपनीनं विकत घेतलं. आता त्यांना इतिहास दालन करायचंय, म्हणून माझ्याकडचं एकुलतं एक यंत्र मागून नेलं. दुसऱ्या साच्यातून निघालेलं पहिलं यंत्र आहे हे."

दिव्याच्या मांडीवर ती वही होती. ती पानं उलटत होती. सर्किटची चित्रं, तारखा, मोजमापं. मध्येच एका पानावर पेन्सिलीनं गिरवलेला एक छोटासा हात होता, पाची बोटं पसरलेला. बाजूला लिहिलं होतं, 'अंगठा मधल्या बटणापर्यंत पोचत नाही. वय अडीच वर्षे.'

'अडीच'मधला 'ड' खाली लांब ओढलेला होता. शाळेच्या डायरीत, डब्यावरच्या चिठ्ठीत, सगळीकडे दिव्यानं तो 'ड' पाहिला होता. तिनं वही मिटली आणि ती वाकडपर्यंत पुलाचे खांब बघत बसली.

कंपनीच्या फाटकावर उद्धवराव घाम पुसत आले.

"परत कशाला आणलं? आमचं यंत्र आत सुरक्षित आहे. हे भंगार आहे, मी परत घेणार नाही."

"साहेब, चाकणवाले घेत नाहीत, तुम्हीही घेत नाही," मामा म्हणाले. "मी काय डोक्यावर घेऊन फिरू?"

दादासाहेब पुढे होऊ लागले, तेवढ्यात दिव्या बोलली.

"काका, या खोक्याशी तुमचा संबंध नाही ना?"

"अजिबात नाही."

"मग तसं लिहून द्या. म्हणजे मामांना त्रास होणार नाही."

उद्धवरावांना सुटल्यासारखं झालं. चलानवर त्यांनी भराभर लिहिलं, 'या खोक्यावर कंपनीचा हक्क नाही. चालकाने तो योग्य त्या व्यक्तीस द्यावा.' खाली सही केली, शिक्काही मारला. दिव्यानं कागद शेवटपर्यंत वाचला आणि घडी करून मामांना दिला. मग खोका उचलून ती दादासाहेबांसमोर उभी राहिली.

"आजोबा, हे तुमचं."

"भारीच," समर्थ पुटपुटला. तनुजानं त्याला कोपरानं ढोसलं.

तेवढ्यात एक गाडी आत आली. कंपनीच्या संचालक सुमनताई उतरल्या. दादासाहेबांना बघून त्यांनी हात जोडले. "तुम्ही आजच आलात? बरं झालं. उद्धवराव, यंत्र दाखवा यांना. काचेच्या पेटीत ठेवलं का?"

सगळे आत गेले. उद्धवरावांनी ऐटीत कुलूप काढलं आणि कपाटातला खोका उघडला. आत चहाचं जुनं यंत्र होतं, नळी तुटलेलं.

"याच्यावर अक्षरं शिकायची की चहा?" समर्थनं हळूच विचारलं.

उद्धवरावांनी खोक्याचं झाकण पुन्हा लावलं. दोन्ही खोके सारखे होते, ते अदलाबदल झाले होते आणि कोणी उघडून बघितलं नव्हतं. सुमनताईंनी तनुजाकडून सगळं ऐकलं. मामांनी चलान पुढे केलं. त्यांनी ते वाचून परत दिलं.

"चूक आमची आहे, दादासाहेब. आता कायद्यानंही हे तुमचंच. आम्हाला द्याल का, हे तुम्ही ठरवा."

दादासाहेबांनी भिंतीकडे पाहिलं. तिथं मोठ्या फलकावर गंमतपाटीचा इतिहास छापला होता. त्यात कंपनीचं नाव सहा वेळा होतं. माणसाचं नाव एकही नव्हतं.

"देतो. त्या अकरा बायकांची नावं भिंतीवर येतील, तर देतो."

"येतील," सुमनताई म्हणाल्या. "सकाळपर्यंत फलक बदलून घेते. आणि या मुलांना उद्या पहिल्या रांगेत बसवते. आज यांनी आमच्यापेक्षा नीट काम केलंय."

तनुजा आणि समर्थ लाजले. मामांनी दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला, मग दिव्याच्याही. दिव्याला तो हात जाणवला, पण लांबून. तिनं वही उघडून ते पान दादासाहेबांपुढे धरलं.

"हे कोणी लिहिलं?"

"हे? वर्षाली म्हणून होती आमच्याकडे. बारीकशी, पण हट्टी. कुठं असते कोण जाणे आता."

मामांनी मान खाली घातली.

"ती गेली. फेब्रुवारीत," दिव्या म्हणाली. "माझी आई होती. हा हात माझा आहे."

दादासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि हातातच ठेवला. मग ते जवळच्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी दिव्याला समोर बसवलं.

"तुला खरं सांगतो. पहिला साचा तयार झाला होता. हजार यंत्रं निघाली होती. एका सकाळी तुझी आई ही वही घेऊन माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, रात्री पोर झोपली होती तेव्हा तिचा हात गिरवलाय. अंगठा बटणापर्यंत जात नाही. मी म्हटलं, बाई, साचा बदलायला दोन महिने लागतील, तुमची पोर तोवर मोठी होईल. ती जागची हलली नाही. म्हणाली, माझी होईल साहेब, पण दुसऱ्या कोणाची तरी तेव्हा अडीच वर्षांची असेलच की. त्यानंतर बाकीच्या दहाजणी तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी साचा बदलला. पुढं जितक्या गंमतपाट्या झाल्या, त्या सगळ्या या हाताच्या मापाच्या."

दिव्या पानाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि तिनं ते पुसलं नाही.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

दादासाहेबांनी त्या सकाळपासून, वही घेऊन ती टेबलाशी आली तिथपासून, पुन्हा सांगायला सुरुवात केली.