न फुललेला मरुतारा

“मॅडम, हा मरुतारा पाण्यावाचून इतका फुलतो, तो आनंदानं की घाबरून?”

पैज होती. सहलीला आलेल्या अख्ख्या दहावीसमोर मैथिली खैरनार असलं काही विचारूच शकणार नाही, असं मैत्रिणींचं म्हणणं. मागच्या वर्षीची मैथिली खरंच विचारू शकली नसती.

मरुवनस्पती प्रयोगशाळेच्या डॉ. झीनत इनामदार हसल्या नाहीत. “घाबरून,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी उंच काचनळीत वाढलेलं मूळ दाखवलं. वाळवंटी रानफुलापासून त्यांनीच घडवलेलं हे झुडूप. वर्षानुवर्षं जगणारं, कातळाच्या भेगांतून पार खोल उतरणारं. मुळाच्या टोकाला तृषावेधी, म्हणजे पाणी हटल्याचं ओळखणाऱ्या, पेशी असतात. खाली पाणी आहे तोवर झुडूप निवांत पानं काढत बसतं. पाणी हटलं, की जीव जायच्या आत बी धरायला हवं म्हणून झपाटल्यासारखं फुलतं. पुढे खोडातल्या साठ्यावर तग धरतं आणि दरसाल फुलत राहतं.

मैथिलीला घरचं अंगण आठवलं. टेकाडनगरचं प्रत्येक अंगण मरुताऱ्यांनी पिवळंधमक झालेलं, फक्त त्यांचं सोडून. आई रोज तांदळाचं धुवण घालायची, पण कळी म्हणून नाही. तळहातावर नारळ धरून पाणी शोधणारा पाणाडीही त्यांच्या फाटकातूनच परतला होता. जिथं मरुतारासुद्धा फुलत नाही तिथं पाणी कसलं लागणार! त्यानं इतरांच्या अंगणांत दाखवलेले बोअर कोरडे गेले. आता सगळी वस्ती उठणार होती. खैरनारांचा ट्रक रविवारी यायचा होता.

“मॅडम, वरून रोज पाणी घातलं तर फसतो का तो?” हा प्रश्न मात्र तिचा स्वतःचा होता.

“नाही. टोकाला खालचं तेवढंच कळतं.”

“मग सगळे फुलले आणि एकच नाही फुलला, तर?”

डॉक्टर तिच्याकडे पुरत्या वळल्या. “आपल्या कातळात पाणी भेगांमधून असतं. एका अंगणात असेल, कुंपणापलीकडे नसेल. कुणाचं अंगण गं हे?”

शनिवारी खैरनारांच्या अंगणात बोअर घेतला आणि पाणी लागलं. ट्रक रद्द झाला. पप्पा तर येईल त्याला सांगत सुटले, की चोवीस तास मोटर चालवू, कुणाला नाही म्हणायचं नाही.

शेजारच्या सोनवणेकाकू हंडा भरता भरता मैथिलीला म्हणाल्या, “आमचा मरुताराही आधी असाच ठोंब्या होता बघ. मग बोअर घेतला, दोन उन्हाळे छान पाणी मिळालं, आणि कसा भरभरून फुलला! तुमचाही फुलेल आता.”

मैथिलीच्या हातातली कळशी भरून वाहू लागली. तिनं आधी मोटर बंद केली, आणि तशीच ओल्या पायांनी घरात गेली.

“आई, पप्पा, मी ठरवलंय. पाणी सगळ्यांना द्यायचं, पण मोजून. झाडावर रोज मी लक्ष ठेवणार. पहिली कळी दिसली, की मोटर बंद. सगळ्यांसाठी, आणि आपल्यासाठीसुद्धा.”