कोवळं ‘घे’

“सहा महिने थांबा. तिचं ‘घे’ अजून कोवळं आहे,” डॉ. मिरजकर म्हणाल्या होत्या. मी ते हसण्यावारी नेलं. जानेवारीत नर्सरीच्या मुलाखती होत्या आणि आमच्या सोसायटीत शब्दरोपण न झालेली एकटी माझी तीन वर्षांची शाल्मलीच उरली होती.

शब्दरोपण म्हणजे शब्द न शिकवता थेट मेंदूत बसवणं. मूल शब्द शिकतं तेव्हा त्याच्याभोवती आवाज, वास, कुशीची ऊब अशी एक गाठ बसत जाते. डॉक्टर तिला शब्दगाठ म्हणतात. रोपणात ती गाठ वीस मिनिटांत तयार मिळते. सुरुवात ‘टेक’ या इंग्रजी क्रियापदापासून करतात, कारण त्याचे अर्थ संपता संपत नाहीत: घेणं, नेणं, वेळ लागणं, फोटो काढणं. सोबत त्याचं मूळही येतं.

आम्ही रोपण करून घेतलं, आणि मुलाखतीत शालूने तेही सांगितलं. शब्द जुन्या नॉर्स भाषेतून आला, त्याआधी बहुधा नुसतं ‘स्पर्श करणं’ एवढाच अर्थ होता. बाईंनी टाळ्या वाजवल्या. हिला आता वरणभात भरवायचा की शब्दकोश, असं माझ्या जाऊबाई म्हणाल्या आणि आम्ही सगळे हसलो. ती हल्ली ‘घे’ म्हणत कडेवर यायला मागत नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. मोठी झाली हो, असं मी कौतुकाने सांगत होते.

मंगळवारी दुपारी मी बाहेरच्या खोलीत काम करत होते. घर शांत होतं, म्हणून खूशही होते. आत गेले तर शालू पलंगाजवळ जमिनीवर बसलेली. मनगट वाकडं, सुजून टम्म झालेलं. पलंगावरून पडून तास तरी झाला असावा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंडातून आवाज नाही.

मी हात पुढे केले. “ये शालू, घेते तुला.”

तिने माझ्या हातांकडे नीट पाहिलं, आणि तशीच बसून राहिली.

प्लास्टर झाल्यावर मी तिला डॉ. मिरजकरांकडे नेलं. त्यांनी तिच्या मेंदूचा नकाशा समोर ठेवला. शेजारशेजारच्या दोन गाठींतली मोठी गाठ कोवळीला गिळते, ‘टेक’ने तिचं ‘घे’ गिळलं, म्हणाल्या. मग मी ‘घे’ पुन्हा शिकवते, मी म्हटलं.

“शब्द शिकेल ती,” त्या म्हणाल्या. “पण दुखलं की आईकडे जायचं, हे त्या शब्दाबरोबरच गेलंय.”

आमच्या सोसायटीत रोपण झालेली अशी अकरा मुलं आहेत. तुमच्या घरात असं एखादं असेल आणि आत्ता दुसऱ्या खोलीत शांत बसलं असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा. आत जा. त्याचे हातपाय चाचपून बघा.