रक्तात काय दिसतं

"यात माझी उदासी दिसेल?"

दंडाला रबरी पट्टी बांधून घेता घेता त्या चष्मेवाल्यानं विचारलं, आणि रक्त काढणाऱ्या मुलीच्या हातातली सुई क्षणभर थांबली. असं कुणी विचारतं का!

"नाही," ती हसू दाबत म्हणाली. "उदासीवरची गोळी रक्तात किती उतरलीय, तेवढंच."

"म्हणजे मेंदूत बिघाड आहे म्हणायचं, आणि दाखवा म्हटलं की हात वर!"

मग दर महिन्याला सकाळी तो यायचा. खिडकीतलं धुकट, मऊ ऊन त्याच्या हातावर पडायचं, आणि तिला वाटायचं... शीर जरा उशिराच सापडावी. वाद मात्र रंगायचा. तो म्हणायचा, वडील गेले, रिकामं घर खायला उठलं, हे काय नुसतं रसायन? ती म्हणायची, एकटे तर कितीतरी असतात. सगळेच कुठे अंथरूण धरतात?

एकदा पट्टी बांधता बांधता ती म्हणाली, "माझ्या आईला सगळे नाटकी म्हणायचे. आजीसुद्धा. डॉक्टरांनी मेंदूचा आजार म्हटलं, त्या दिवशी ती पहिल्यांदा मान वर करून जेवली."

तो हळूच म्हणाला, "मला तेच म्हटलं, तेव्हा माझं ठरलेलं लग्न मोडलं. रक्तातच आहे म्हणे... मुलांत उतरेल."

हीच धास्ती तर तिलाही... ती बोलायला तोंड उघडणार, तोच—

"ते... पट्टी सोडता का? हात बधिर झालाय."

दोघंही हसली. तिचं सांगायचं राहूनच गेलं.

पुढच्या महिन्यात तो आलाच नाही. आठ दिवस तिनं कळ काढली. नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं फॉर्मवरच्या पत्त्यावरून थेट त्याचं चष्म्यांचं दुकान गाठलं.

"गोळ्या बंद केल्यात?" तिला धाप लागली होती.

काच पुसणारा त्याचा हात थांबला. "छे! वाद घालतो म्हणून गोळ्या सोडेन होय? रक्त दुसरीकडे तपासून घेतलं."

"का? माझा हात जड आहे?"

"नाही हो..." त्याचे कान लाल झाले. "तुमच्यासमोर पेशंट होऊन बसावंसं वाटेना. दुसरं कुणीतरी होऊन... बसावंसं वाटतं."

कपाटातल्या शेकडो काचांत दुपार झुलत होती. ती स्टुलावर टेकली आणि एका दमात तिनं सांगून टाकलं: आईचं दुखणं आपल्यात उतरेल, आपल्या मुलांत उतरेल, या भीतीनं लग्नाचं विचारणाऱ्या प्रत्येकाला तिनं नाही म्हटलं होतं.

त्यानं हातातली काच खाली ठेवली.

"उतरेल की नाही, ते मला नाही सांगता येणार," तो म्हणाला. "पण उतरलंच... तर आपल्या घरात त्याला नाटक म्हणणारं कुणी नसेल."

"आपल्या?"

"चुकलं का काही?"

तिनं मान हलवली. "या वेळी... नाही म्हणवत नाही रे."

आणि तुम्हीचं तू कधी झालं, ते तिचं तिलाच कळलं नाही.