दादाच्या भट्टीतली पाती

कारखान्याच्या एक्स-रे विभागातली तिची सकाळ नेहमीसारखीच सुरू झाली. शिशाचं जड दार, त्यावरचा लाल दिवा, फिल्म बघायची उजेडाची पेटी आणि ट्रेमध्ये ओळीने मांडलेली विमानाच्या इंजिनाची पाती. टायटॅनियम अॅल्युमिनाइडची ही पाती जुन्या धातूच्या मानाने निम्म्या वजनाची. हातात घेतली तरी काही घेतलंय असं वाटू नये. पण मोठी नाजूक जात. ओतताना हवा लागली की धातू ती पिऊन बसतो, दिसायला तस्साच राहतो आणि पुढे कधीतरी, भर आकाशात, काचेसारखा तुटतो. म्हणून नियम साधा होता. निर्वात भट्टीचं सील गळलं, की तो सगळा माल भंगारात.

तिने ट्रेवरचा भट्टीचा क्रमांक वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हा दादाच्या शेवटच्या भट्टीचा माल होता. दादा म्हणजे तिचा सख्खा भाऊ, त्या भट्टीवरचा मुख्य कारागीर. सील गळतंय म्हणून तो कानीकपाळी ओरडत होता. ‘ऑर्डर पुरी होऊ दे, मग बघू,’ म्हणून साहेबांनी त्याला वाटेला लावलं. सील फुटलं तेव्हा बाकीची माणसं बाहेर पडेपर्यंत तो व्हॉल्व्ह आवळून उभा राहिला, तो तिथेच गेला. आणि कंपनीने वहिनीला कळवलं काय, तर हलगर्जीपणा त्याचाच!

तिने त्याच साहेबांना फोन लावला. “ही पाती इथे कशी आली?”

“एक्स-रे काढा. स्वच्छ आला की आजच रवाना करू.”

“साहेब, एक्स-रेत पोकळी दिसते. प्यायलेली हवा दिसत नाही. रासायनिक चाचणीचा तुकडा कुठे आहे?”

“गहाळ झाला. तुम्ही सांगितलेलं करा.”

दातओठ खात तिने पहिलं पातं आत ठेवलं, दार लावलं. फिल्म धुऊन आली. पात्यात खोट नव्हती. मात्र पात्याच्या बुडाशी फिकट, लांबट असं काहीतरी होतं. तिने भिंग लावलं.

बोटांची हाडं. मूठ आवळलेली.

कुणाची तरी वाह्यात थट्टा, तिला वाटलं. पण दार उघडं असताना यंत्र चालत नाही, म्हणजे कुणी आत हात घातला असणं शक्य नव्हतं. आणि धातू भेदणाऱ्या किरणांपुढे हाडांची सावली टिकतच नाही, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

तिने दुसरं पातं घेतलं. मग तिसरं. तीच मूठ.

तिसऱ्या फिल्मवर करंगळी स्पष्ट आली होती. वाकडी. लहानपणी झोपाळ्यावरून पडून मोडलेली, तशीच वेडीवाकडी जुळलेली.

भीती वाटायला हवी होती. वाटला तो संताप. मेल्यावरही ह्या माणसाला पहारा द्यायला लावलाय ह्यांनी!

“दादा,” ती पुटपुटली, “अजून किती धरून ठेवशील रे?”

तेवढ्यात साहेब आले. फिल्म पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “फिल्म खराब आहेत. सरका, मीच काढतो.”

त्यांनी स्वतः पातं ठेवलं, दार ओढलं, बटण दाबलं.

ह्या फिल्मवर नुसतं पातं होतं. लख्ख. बोटांचा मागमूस नव्हता.

“बघा! मनाचे खेळ सगळे.” फिल्म तिच्याकडे भिरकावून साहेब दाराजवळच्या टेबलाशी गेले. तिथे पसंतीचा शिक्का होता.

शेवटी दादानेही सोडलं?

साहेबांनी शिक्का उचलायला हात पुढे केला. हात टेबलावरच राहिला.

त्यांनी ओढला. पुन्हा ओढला. मनगटापाशी शर्टाची बाही चुरगळली होती.

“मॅडम,” मान न वळवता ते चिडून म्हणाले, “माझा हात सोडा.”

ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पेटीपाशी उभी होती. फिल्म तिने दोन्ही हातांनी धरली होती.